शिवानंदचे चोवीस शब्द

शिवानंदला मी चार वर्षं ओळखत होतो, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो हार घातलेल्या फोटोत.

मी पुण्यात एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी करतो. शिवानंदही पूर्वी पुण्यातच होता, एका कंपनीच्या सर्व्हर-रूममध्ये. वडील थकले तेव्हा नोकरी सोडून तो लोहारा तालुक्यातल्या माकणीला परत गेला आणि आसपासच्या गावांतले सोलर पंप, इन्व्हर्टर दुरुस्त करू लागला. आमची ओळख झाली ती इंटरनेटवरच्या एका गटात. आम्ही दोघंही घरी व्हॅलिडेटर चालवायचो.

व्हॅलिडेटर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण माझा हा सगळा प्रवास त्यापायी झाला. एक ब्लॉकचेन असते. म्हणजे व्यवहारांची एक वही, जिची तंतोतंत प्रत जगभर हजारो संगणकांवर असते आणि जिचं मुख्य कार्यालय कुठंच नसतं. वहीत पुढचं पान कोणी लिहायचं, हा त्यातला खरा प्रश्न. जुन्या पद्धतीत त्यासाठी संगणकांना अवघड कोडी सोडवायला लावत, आणि त्यात वीज बेसुमार जळे. आमच्या ब्लॉकचेनची, म्हणजे साखळीची, रीत वेगळी आहे. तिचं स्वतःचं एक नाणं आहे. ते छापत नाहीत, हातात घेता येत नाही, वहीतल्या नोंदीतच ते असतं. व्यवहाराचं शुल्क त्याच नाण्यात भरायचं, आणि पान लिहिण्याचा हक्क हवा असेल तर तीच बत्तीस नाणी अनामत म्हणून अडकवून ठेवायची. मग तुमच्या घरातलं यंत्र साक्षीदार होतं. सोडतीत नंबर लागला तर ते नवं पान मांडतं. एरवी दर साडेसहा मिनिटांनी एकदा, दुसऱ्यांनी मांडलेलं पान बरोबर आहे, अशी सही करतं. नीट काम केलं तर त्याच नाण्यात थोडा मोबदला. यंत्र बंद पडलं तर अनामतीतून कणाकणानं कपात. आणि एकाच जागी दोन परस्परविरोधी सह्या केल्या तर मोठा दंड आणि कायमची हकालपट्टी.

या सह्या साऱ्या जगाला दिसतात. रोज सकाळी चहा घेताना मी आधी माझं यंत्र बघायचो आणि मग शिवानंदचं. हिरवी खूण दिसली की माकणीत सगळं ठीक आहे असं समजायचो.

फेब्रुवारीच्या शेवटी आमचा वाद झाला. कशावरून ते पुढं येईल. त्यानंतर त्यानं माझ्या एकाही संदेशाला उत्तर दिलं नाही. चार-पाचदा फोन केला, वाजून थांबला. रागावला असेल म्हणून मीही ताणून धरलं. त्याचं यंत्र सह्या करतच होतं. दीड महिना मी रोज त्या सह्या पाहिल्या आणि माणूस मजेत आहे असं मानलं. एप्रिलमध्ये एका सकाळी त्याच्या नावापुढं लाल खूण आली. दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सोलापूरच्या बाजूनं जाणाऱ्या एसटीत बसलो.

माकणी

लोहाऱ्याला उतरून जीप मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी काढून झालेली रानं, त्यात कडब्याच्या गंजी, आणि मधूनच निम्न तेरणा धरणाचं पाणी. ते इतकं मागं सरकलं होतं की काठाची भेगाळलेली गाळवट दूरवर पसरलेली दिसत होती. गाव म्हणजे भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या एकसारख्या ओळी. शिवानंदचं घर ओळखायला छपरावरचे सोलर पॅनेल पुरेसे होते.

दारात एक उंच, वाळकुडे म्हातारे गृहस्थ बसले होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी.

"शिवानंद आहेत का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली. मग म्हणाले, "आत या."

आत भिंतीवर फोटो होता. चष्मा, दाट मिशी, ओठ मिटलेले. हार सुकून गेला होता. मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"म्हाशिवरात्रीनंतरची गोष्ट हाय," म्हातारे म्हणाले. ते शिवानंदचे वडील, अप्पा. "रानात मोटार चालू कराया गेला. छातीत दुखतंय म्हणला. जीपमधी घातला, लोहाऱ्याला पोचायच्या आतच गेला."

दिवस मोजले. आमच्या वादानंतर दोन दिवसांनी. म्हणजे ज्याच्या सह्या मी रोज पाहत होतो, तो त्या सगळ्या काळात नव्हता.

स्वयंपाकघरातून शिवानंदची बायको बाहेर आली. महानंदाबाई गावच्या अंगणवाडीत सेविका आहेत. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "तुम्ही पुणे नोड का?"

मला कळलं नाही. त्यांनी शिवानंदचा फोन आणून दाखवला. त्यात माझा नंबर 'पुणे नोड' या नावानं होता; साखळीतल्या एकेका संगणकाला नोड म्हणतात.

"मला वाटलं कंपनीचा फोन हाय कसला तरी," त्या म्हणाल्या. "म्हणून उचलला न्हाय."

यंत्र मधल्या खोलीत होतं. जाड पुस्तकाएवढी काळी पेटी, खाली इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या. जमीन पुसलेली, पेटीवर धूळ नाही.

"ही बंद पडू द्यायची न्हाय, एवढंच ते सांगायचे," महानंदाबाई म्हणाल्या. "काय करती, कशाला करती, मला ठाऊक न्हाय. बॅटरीत पाणी घालताना मी बघितलं होतं. तसं दर पंधरा दिसाला घालत आले. दिवा लुकलुकत होता तवर बरं वाटायचं. परवा दिवा हाय तसाच हाय, पर दुसरा तांबडा झाला. आता माझ्याकडनं काय चुकलं का?"

काही चुकलं नव्हतं. इंटरनेटच्या जोडणीची मुदत संपली होती. मी माझ्या फोनवरून ती भरली आणि पाच मिनिटांत यंत्र परत सह्या करू लागलं. त्या जवळ उभ्या राहून बघत होत्या. त्या दीड महिन्यात एका मेलेल्या माणसाच्या नावे ज्या हजारो सह्या झाल्या, त्या या बाईंनी बॅटरीत पाणी ओतून जागत्या ठेवल्या होत्या, आणि त्यांना माहीतच नव्हतं की त्यात घरची केवढी ठेव अडकलेली आहे.

ते मलाच सांगावं लागलं. स्वस्ताईच्या काळात पुण्यात असताना शिवानंदनं ती बत्तीस नाणी थोडीथोडी करून जमवली होती. आजच्या भावानं तेवढ्यात पुण्यात छोटासा फ्लॅट येईल. ऐकून महानंदाबाई खालीच बसल्या. त्यांची मुलगी लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं पुढचं वर्ष थांबवायचं असं त्याच आठवड्यात ठरलं होतं.

अप्पांनी शांतपणे विचारलं, "ह्याचं हापीस कुठाय? मृत्यूचा दाखला हाय. वारसाचा अर्ज देतो."

"ऑफिस नाही, अप्पा."

"बरं, तालुक्याला नसंल. मुंबईला?"

"कुठंच नाही. साहेब नाही, खिडकी नाही. ज्याच्याकडं किल्ली, त्याचं नाणं."

किल्ल्या दोन असतात, हे मी त्यांना समजावलं. सह्या करायची किल्ली यंत्रातच असते. तिनं फार तर साक्षीदारीचा राजीनामा देता येतो. मग अनामत सुटते आणि आधीच ठरवून ठेवलेल्या एका पत्त्यावर जाऊन पडते. तो पत्ता एकदा ठरला की बदलत नाही. त्या पत्त्यावरून नाणी हलवायची किल्ली वेगळी, आणि ती म्हणजे इंग्रजीतले साधे चोवीस शब्द, ठरावीक क्रमानं. ते ज्याला माहीत तो मालक.

"म्हंजी हा जामीन राहिला होता," अप्पा म्हणाले. "जामीनदार मेला, तर जामीनकी सुटती. पर सुटून जाती कुठं, तर कुलपात."

मी चार वर्षांत याहून नेमकं कोणाला सांगितलेलं नाही.

ते शब्द आत साठवून ठेवणारं एक बोटाएवढं उपकरणही असतं; त्यात पिन टाकला की शब्दांशिवायही नाणी हलवता येतात. मी त्याची चौकशी केली. महानंदाबाई आत गेल्या आणि ते घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ह्यांच्या खिशात होतं. आकडा मागत होतं. मी आमच्या लग्नाची तारीख टाकली. मग पोरीची. मग गाडीचा नंबर."

तीनदा पिन चुकला की ते उपकरण स्वतःला पुसून टाकतं. चोराच्या हाती पडलं तर, म्हणून. मी ते पाहिलं आणि ठेवून दिलं. तीनदा चुकल्यावर काय होतं ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं.

शिवानंदच्या फोनमध्ये एका टिपणात एक ओळ सापडली: 'आठ अक्काकडं, आठ रज्जाकभाईकडं, आठ माझ्याजवळ.'

त्याच फोनमध्ये माझे संदेशही होते. महानंदाबाईंनी ते माझ्यासमोर धरले. शिवानंदचा शेवटचा संदेश असा: 'महानंदाला सगळं सांगावं म्हणतोय. आपलं आता वय झालं.' त्याखाली मी लिहिलेलं लांबलचक उत्तर; आमचा वाद तो हाच. त्यातलं एक वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं. "घरच्यांना सांगू नकोस, बायकोला तर नाहीच. माहीत असलेला माणूस हाच सगळ्यात कच्चा दुवा."

"हे तुम्हीच लिहिलंय ना, भाऊ?"

"होय," मी म्हणालो.

त्यांनी फोन बंद केला. "भाकरी टाकते," म्हणाल्या, आणि आत गेल्या. ज्वारीची भाकरी, येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ घातलेली आमटी, कांदा. येसराचा तो खमंग वास पुण्यात कधी मिळत नाही. मी मान खाली घालून ताट संपवलं.

तेर

अक्का म्हणजे शिवानंदची थोरली बहीण, सुशीलाबाई. त्यांचं सासर तेर. दुसऱ्या दिवशी धाराशिवला येऊन तिथून तेरची गाडी धरली. अप्पांनी बरोबर यायचा आग्रह धरला आणि आले. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली: त्या वहीत शिवानंदचं नाव आहे का? मी सांगितलं की नाव नसतं, आकडा असतो. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "मग बी तो हाय तिथं."

तेर फार जुनं आहे. गावाभोवतीच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या टेकाडात, पाय ठेवाल तिथं खापराचे तुकडे निघतात. तेरणेचं पात्र कोरडं होतं, मधल्या डबक्यात म्हशी बसलेल्या. सुशीलाबाईंचं घर नदीकडच्या बाजूला. अप्पांना पाहताच त्या रडायला लागल्या. दोघं ओसरीवर बराच वेळ एकमेकांचे हात धरून बसले. मी अंगणात उभा राहून चिंचेच्या झाडाकडं पाहत होतो.

मग मी विचारलं, शिवानंदनं काही चिठ्ठी, कागद ठेवायला दिला होता का.

"कागुद न्हाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्सामागं राखीला आला, तवा डबा दिला. म्हणला, अक्का, ह्यो डबा कुणाला देऊ नगं. म्या म्हणलं, माझ्या भावानं दिलेला डबा म्या कशाला कुणाला देईन?"

त्यांनी फळीवरून स्टीलचा डबा काढला. आत शेंगदाण्याचा कूट होता. तो परातीत ओतून मी डबा उलटा केला. बुडावर, जिथं एरवी भांड्यांवर नाव घालतात तिथं, बारीक ठिपक्यांनी कोरलेले इंग्रजी शब्द होते. एक ते आठ, आकड्यांसकट. मी ते उतरवून घेतले.

"काय लिवलंय?" सुशीलाबाईंनी विचारलं. "देवाचं हाय का?"

"नाही. साधे शब्द आहेत." मी एकेक शब्द मराठीत सांगत गेलो. नदी. चमचा. हिवाळा. पूल. त्या ऐकत राहिल्या, जणू भावाचं पत्र आलंय. आठ संपल्यावर म्हणाल्या, "आन् पुढचं?"

"पुढचं दुसरीकडं आहे."

निघताना त्यांनी कूट परत त्याच डब्यात भरला. अप्पा त्यांना सांगत होते, "पोरीचं शिक्षण हुईल आता. सापडतंय." मला त्यांना थांबवावंसं वाटलं. पण मीही मनातून तेच म्हणत होतो.

भूम

तेरहून धाराशिव, आणि तिथून तिसऱ्या दिवशी सकाळी भूम. हा जिल्ह्याचा पश्चिमेकडचा कोरडा भाग; बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, खुरटी झुडपं, आणि वाऱ्यावर उडणारी पांढुरकी माती. अप्पा तेरलाच लेकीकडं थांबले होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला मिरच्या, दोरखंड, माठ, आणि खव्याच्या पाट्या. इथला खवा चांगला म्हणून मी द्रोणभर घेतला. ऊन इतकं होतं की खाईपर्यंत त्याला तूप सुटलं.

रज्जाकभाई भूमला भांड्यांवर नावं कोरतात हे महानंदाबाईंनी सांगितलं होतं, त्यामुळं शोधायला वेळ लागला नाही. भांड्यांच्या दुकानासमोर पत्र्याच्या छपराखाली त्यांची जागा; समोर भांड्यावर नावं कोरायचं विजेचं मशीन. साठीचे, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. सोलर बसवायला शिवानंद इकडं येत असे, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. तो गेल्याचं त्यांना माहीत होतं. दहाव्याला ते माकणीला जाऊन आले होते.

मी ओळख सांगितली, अक्काच्या डब्याचं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं.

"तीन जागी घातलं म्या ते," ते म्हणाले. "इंग्लिश मला येत न्हाय. शिवानंदभाईनं एकेक अक्षर लिहून दिलं, म्या नक्षी काढल्यावानी काढलं. एक डब्याला. दुसरं चला, दाखिवतो."

घर मागच्याच गल्लीत होतं. त्यांच्या बीबीनं मांडणीतून एक पितळी ताट काढून दिलं. त्याच्या पाठीवर पुढचे आठ शब्द.

"रोज ह्याच्यातच जेवतो मी," रज्जाकभाई म्हणाले. "तुझ्या ताटाला कुणी हात लावायचं न्हाय, म्हणून इथं घाल म्हणाला. हसलो लई त्या दिवशी."

आता सोळा झाले होते. मी विचारलं, "आणि तिसरी जागा?"

त्यांनी ताट गुडघ्यावर ठेवलं.

"तुम्हाला घरच्यांनी सांगितलं न्हाय?"

"त्यांना माहीत नाही."

"त्याच्या गळ्यात ती चांदीची डबी असायची ना. लिंगाची. त्यातलं लिंग काढून त्यानं हातात धरलं, आन् डबी मला दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला घाल म्हणाला. म्या म्हणलं, अरे देवाची चीज हाय ही. तर म्हणाला, म्हणूनच. ही माझ्या अंगावरनं कधी उतरत न्हाय."

मी विचारलं, ज्या कागदावरून कोरलं तो कागद?

"माझ्यासमोर जाळला. आन् मला तर काय, वाचताच येत न्हाय. आठवायचं म्हणलं तरी काय आठवू?" त्यांनी डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं, एक-दोन वळणं काढली आणि सोडून दिलं. "न्हाय. न्हाय येत."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्यात दफन करतात. तुम्हाला ठाऊक हाय ना? आमच्यावानीच. मी गेलो होतो तवा माती सावरून झाली होती."

मला ठाऊक होतं. पण ती गोष्ट आणि ही डबी त्या क्षणापर्यंत मनात एकत्र आलेली नव्हती. मी गल्लीतून बाहेर रस्त्यावर आलो. बाजार ओसंडून वाहत होता. कोणीतरी माठ वाजवून पाहत होतं. उरलेले आठ शब्द अंदाजानं शोधता येतील का, याचा हिशेब मी तिथंच उभा राहून मनातल्या मनात पुन्हा केला, जरी उत्तर माहीत होतं. जगातले सगळे संगणक लावले तरी माझ्या, माझ्या मुलांच्या, त्यांच्या मुलांच्या आयुष्यात ते होणार नाही. ही साखळी सुरक्षित आहे असं आम्ही अभिमानानं सांगत असू, ते हेच.

पुन्हा माकणी

चौथ्या दिवशी दुपारी मी माकणीला पोचलो. अप्पा सकाळीच तेरहून परतले होते. मी दोघांनाही समोर बसवून जे कळलं ते सांगितलं.

अप्पांनी विचारलं, "चांदीवर कोरलेलं ऱ्हातं?"

"राहतं."

"लिंग त्याच्या तळहातावर ठिवलं. डबी गळ्यातच ऱ्हाऊ दिली. आमच्यात काढून घेत न्हाइत," ते म्हणाले. "म्या सोता बघितलंय. हाय ती तिथंच."

ते उठले. मागच्या पडवीतून त्यांनी कुदळ आणि फावडं आणलं. त्यांच्या रानाच्या बांधाला, घरापासून चालत दहा मिनिटांवर, शिवानंदला ठेवलं होतं. मी त्यांच्या मागं गेलो. अडवायला गेलो की मदतीला, हे मला आजही सांगता येत नाही. महानंदाबाई आमच्या आधी आडव्या वाटेनं पोचल्या होत्या.

मातीचा उंचवटा, त्यावर रचलेले दगड, एक बेलाचं रोप. पलीकडं धरणाचं आटलेलं पाणी. महानंदाबाई उंचवट्याच्या कडेला मातीतच बसल्या होत्या.

"उठ बाई," अप्पा म्हणाले. "तू घरी जा. तू बघू नगं. माझं लेकरू हाय, म्या काढतो. मठातल्या स्वामींना म्या सांगीन काय सांगायचं ते. पाप माझ्या डोक्यावर."

त्या उठल्या नाहीत.

"पोरीचं साल जाईल," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "भूकंपाला म्या ह्या हातानं माणसं काढली मातीतनं. तुझ्या गावची बी काढली. जिती काढली, मेलेली काढली. मला भ्या न्हाय त्याचं."

"तवा जिती सापडतील म्हणून उकरत हुता, अप्पा," महानंदाबाई म्हणाल्या.

अप्पा फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

मग त्या माझ्याकडं वळल्या. राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "वीस वर्सं संसार केला. ती डबी रोज डोळ्यासमोर हुती. त्यांनी एकदा झाकण उघडून दाखवलं असतं, तर म्या पाठ केलं असतं. जित्तेपणी त्यांनी मला दिलं न्हाय. आता मेल्यावर त्यांच्या गळ्यातनं म्या काढून घेऊ?"

मी म्हणालो, "तो सांगणार होता. मीच अडवलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "वाचलंय म्या."

वारा सुटला होता, बेलाच्या रोपाची पानं उलटीपालटी होत होती. अप्पांनी खाली बसून दोन दगड, जे सरकले होते, ते नीट रचले. मग कुदळ आणि फावडं खांद्यावर टाकून ते घराकडं चालू लागले. या गोष्टीचा विषय त्या घरात माझ्यासमोर पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी महानंदाबाईंना उरलेले मार्ग सांगितले. यंत्र चालू ठेवलं तर मोबदला त्याच कुलपात जमत राहील. तसंच बंद केलं तर अनामत झिजत जाईल आणि शेवटी साखळी स्वतःच हाकलून देईल. किंवा रीतसर राजीनामा द्यायचा.

"रीतसर करा," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम नीट हुतं. हाकलून नगं."

मी यंत्रावर बसलो. तीन ओळींची आज्ञा होती. शिवानंदच्या किल्लीची शेवटची सही मी केली. त्या बाजूला उभ्या होत्या. रांगेत नंबर लागून अनामत सुटायला काही दिवस जातात. ती सुटली, तेव्हा मी पुण्यात होतो. बत्तीस नाणी आणि वरची थोडी त्या पत्त्यावर जाऊन पडली. आजही कोणीही पाहू शकतं, ती तिथं आहेत. कोणालाही ती हलवता येणार नाहीत. मी महानंदाबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं, 'बरं भाऊ.' त्यांच्या मुलीनं वर्ष थांबवलं आहे. ती उमरग्याला एका दवाखान्यात कामाला लागली. मी माझ्या मोबदल्यातून तिची फी भरायची तयारी दाखवली, दोनदा. दोन्ही वेळा महानंदाबाईंनी नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी निघालो. महानंदाबाई अंगणवाडीत गेल्या होत्या. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून त्यांनी माझ्या पिशवीवर ठेवली होती. अप्पा जीपच्या थांब्यापर्यंत आले. जीप आली, मी आत बसलो, तेव्हा त्यांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"तुमच्या बी घरी असंच यंत्र हाय न्हवं?"

"आहे, अप्पा."

"आन् मालकीण?"

"आहे."

"तिला सांगितलंय?"

मी मान हलवली, नाही.

"सांगा," ते म्हणाले. "आज पोचला की आजच."

"सांगतो," मी म्हणालो. जीप सुटली.

घरी पोचल्यावर ते सांगायला मला अकरा दिवस लागले.